पर्यावरण व्यवस्थापनाची पदवी : कोल्हापुरात घ्यावी की बाहेर, आणि शिकायचे ते नेमके काय?

भोगावतीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. माझी पुतणी यंदा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. होत आहे आणि पुढे पर्यावरण या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे तिने ठरवले आहे. आमचे घर प्रयाग चिखलीचे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत गावाबरोबर आमचेही घर पाण्यात होते, त्यामुळे हिला हाच विषय का घ्यावासा वाटतो, हे विचारण्याची गरज घरात कोणाला भासली नाही. अडचण त्यापुढची आहे. माहितीपत्रके चाळायला बसलो तेव्हा कुठे 'पर्यावरणशास्त्र', कुठे 'पर्यावरण व्यवस्थापन', कुठे 'शाश्वत विकास', तर कुठे 'हवामान बदल आणि शाश्वतता' अशी नावे दिसली. आत शिकवायच्या विषयांची यादी मात्र थोड्याफार फरकाने सारखीच वाटली, आणि शुल्कात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

तिचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, यांचे म्हणणे असे की रसायनशास्त्रातच एम.एस्सी. केली तर निदान एखाद्या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तरी लागेल. त्यांना समजेल असे उत्तर मला द्यायचे आहे. या नावांमध्ये खरा फरक कोणता, शिवाजी विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र विभागात प्रवेश घ्यावा की बाहेरगावी पाठवावे, आणि रसायनशास्त्राच्या पदवीधराला जे येत नाही असे या मुलीला दोन वर्षांनी काय येत असेल? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

संमतीपत्र

मी जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात पर्यावरण अधिकारी म्हणून काम करतो, तेव्हा आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या कामाच्या बाजूने देतो.

कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून दोन प्रकारच्या संमती घ्याव्या लागतात, एक उभारणीपूर्वीची आणि दुसरी चालवण्याची. १९७४ चा जल कायदा आणि १९८१ चा वायू कायदा यांखाली मिळणाऱ्या या कागदात दररोज किती सांडपाणी सोडता येईल, त्याचा बीओडी (घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) किती असावा, चिमणी किती उंच असावी, बॉयलरची राख कुठे जावी, असे सारे लिहिलेले असते. माझी नोकरी म्हणजे तो कागद आणि कारखान्यात प्रत्यक्ष जे चालते ते, या दोहोंतील अंतर कमी ठेवणे. त्याशिवाय दर वर्षी ३० सप्टेंबरपूर्वी मागील आर्थिक वर्षाचे पर्यावरण विवरण मंडळाला सादर करायचे असते, ज्यात किती पाणी व कच्चा माल वापरला आणि किती प्रदूषण बाहेर पडले याचा हिशेब द्यावा लागतो.

आता प्रत्यक्ष काम पाहा. गळीत हंगाम सुरू होण्याआधी ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या, हवा खेळवण्याच्या टाकीत (एरिएशन टँकमध्ये) शेणकाला घालून, युरिया आणि डीएपीची मात्रा देऊन जिवाणू वाढवावे लागतात, कारण उन्हाळा-पावसाळा बंद असलेल्या टाकीत ते शिल्लक नसतात. मोळी पडून गाळप सुरू झाल्यानंतर रोज सकाळी टाकीतले लिटरभर पाणी काचेच्या नळकांड्यात घेऊन अर्धा तास स्थिर ठेवतात. तपकिरी गाळ खाली दाबून बसला आणि वर पाणी निवळ राहिले तर ठीक. गाळ फुगून वरच तरंगत राहिला, तर टाकी बिघडते आहे असे समजायचे. पुष्कळदा कारण ईटीपीत सापडत नाही, मिल हाउसमध्ये सापडते. तिथे एखाद्या बेअरिंगचे तेल गळत असते आणि धुण्याच्या पाण्याबरोबर ते थेट आमच्याकडे येते. अशा वेळी चीफ इंजिनिअरकडे जाऊन गळती बंद करून घ्यावी लागते, आणि ऐन हंगामात ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नसतात. पर्यावरण व्यवस्थापन यातले 'व्यवस्थापन' मला तरी तिथे दिसते.

मुलाखतीला येणारे एम.एस्सी. झालेले उमेदवार बीओडी, सीओडी या सांडपाण्याच्या चाचण्या उत्तम करतात. परंतु संमतीपत्र हाती दिले की त्यातील अमुक अट कारखान्याच्या कोणत्या पाइपला लागू होते, हे बहुतेकांना सांगता येत नाही. उसात वजनाच्या सुमारे ७० टक्के पाणीच असते, मग कारखान्याने नदीतून पाणी उचलावेच कशाला, या प्रश्नाचे उत्तर कागदावर ताळेबंद मांडून देणारा उमेदवार आला तर मी त्याला त्याच दिवशी घेईन.

तिसरे_सत्र

धागाकर्त्यांनी प्रश्न नेमके विचारले आहेत. मी हा विषय महाविद्यालयात बरीच वर्षे शिकवला असल्यामुळे नावांच्या घोळाविषयी लिहिते.

पर्यावरणशास्त्र हे काय घडते आणि का घडते ते सांगते. पर्यावरण अभियांत्रिकी त्यावरचा उपाय बांधायला शिकवते. व्यवस्थापनात तो उपाय कोणी, कोणत्या कायद्याखाली, कोणाच्या पैशाने, किती मुदतीत करायचा आणि झाला की नाही ते कसे तपासायचे, हा भाग येतो. शाश्वत विकास हा या तिन्हींच्या बाहेरचा, अर्थशास्त्र आणि राजकारण यांच्या अंगाने जाणारा विचार आहे. ब्रुंटलँड आयोगाने १९८७ मध्ये त्याची जी व्याख्या केली, म्हणजे पुढील पिढ्यांच्या गरजा भागवण्याची क्षमता न घालवता आजच्या गरजा भागवणे, ती परीक्षेत सर्वांना पाठ असते. ती आपल्या तालुक्याला लावून दाखवा म्हटले की वर्गात शांतता पसरते. विद्यापीठे ही नावे काटेकोरपणे वापरत नाहीत. पर्यावरणशास्त्राच्या नावाखाली उत्तम व्यवस्थापन शिकवणारे विभाग आहेत, आणि शाश्वत विकासाच्या नावाखाली नुसती घोषवाक्ये शिकवणारेही आहेत.

हे असे का झाले, त्याला थोडा इतिहास आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्यास सांगितले. त्यानंतर बऱ्याच विलंबाने, न्यायालयाने पुन्हा कान उपटल्यावर, विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व पदवी वर्गांसाठी सहा महिन्यांचा एक सामाईक अभ्यासक्रम आणला. त्यात आठ घटक, ५० व्याख्याने आणि क्षेत्रकार्यासाठी २५ गुण होते. क्षेत्रकार्याचा विचार फार चांगला होता. पण विषय अनिवार्य झाला तेव्हा तो शिकवण्यासाठी नवे शिक्षक नेमले गेले नाहीत. भूगोलाच्या, वनस्पतिशास्त्राच्या आणि कधी कधी चक्क वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकांकडे तो जादा तास म्हणून गेला, आणि अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावर. त्या २५ गुणांचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. महाविद्यालयाच्या दारातील झेरॉक्सवाल्याकडे 'रंकाळा तलावाचे प्रदूषण' हा प्रकल्प बांधून तयार मिळू लागला. त्यातील शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा वर्षानुवर्षे त्याच होत्या, त्यावरून तो कोणत्या दुकानातून आला हे मी ओळखू शकत असे. आयोगाने २०२३ मध्ये नव्या शैक्षणिक धोरणानुसार नवा आराखडा दिला असून त्यातही क्षेत्रकार्यावर भर आहे, मात्र शिक्षकांचा प्रश्न होता तिथेच आहे.

म्हणून माझा सल्ला असा की नाव पाहू नका, वेळापत्रक पाहा. कायद्याची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे का, पर्यावरणीय अर्थशास्त्र कोण शिकवते, संख्याशास्त्र आणि जीआयएस (संगणकीय नकाशे) संगणकावर करून घेतात की फळ्यावर, आणि प्रबंधिकेला पूर्ण सत्र दिले आहे का, एवढे विचारावे. आणखी एक प्रश्न मी आवर्जून विचारीन, तो म्हणजे नदीवर जायला विभागाकडे गाडी आहे का. हसू नये. त्या एका उत्तरावरून अभ्यासक्रमाविषयी पुष्कळ कळते.

उद्यमनगर

सर्वांच्या मताचा आदर ठेवून विचारतो, नोकऱ्या आहेत कुठे? माझी लहानशी फौंड्री आहे. पर्यावरणाचे कागद करून देणारा सल्लागार आमच्याकडे वर्षातून एकदा येतो, ठरलेले पैसे घेतो आणि जातो. पगारी माणूस ठेवण्याइतके काम आमच्याकडे नाही, आणि शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या बहुतेक लहान कारखानदारांची स्थिती हीच असावी. नेट-सेट होऊन प्राध्यापक व्हावे, तर भरती रखडलेली. भावनेच्या भरात मुलीची दोन वर्षे जाऊ नयेत एवढेच म्हणणे आहे.

संमतीपत्र

उद्यमनगर साहेब, आपल्याकडे साच्यांच्या जळलेल्या वाळूचे ढीग कुठे जातात?

उद्यमनगर

प्रश्न रास्त आहे. वाळू पुन्हा वापरण्यायोग्य करण्याचे यंत्र एकट्या लहान फौंड्रीला परवडत नाही, त्यामुळे ती जिथे जागा मिळेल तिथे भरावाला जाते. हे योग्य नाही, हे मलाही मान्य आहे. शिवाय आता एक नवीन गोष्ट सुरू झाली आहे. वाहन उद्योगातील मोठे ग्राहक ऑर्डर देण्यापूर्वी कार्बनचा हिशेब मागू लागले आहेत. एक टन धातू वितळवायला किती युनिट वीज लागली, किती माल नापास होऊन पुन्हा भट्टीत गेला, वाहतुकीला किती डिझेल लागले, हे ज्याला आमच्या वीजबिलांवरून आणि मेल्टिंगच्या नोंदवहीवरून काढता येईल, असा एक माणूस आम्ही आठ-दहा फौंड्र्या मिळून नक्की ठेवू शकू. मात्र तो माणूस भट्टीजवळ उभा राहायला तयार हवा.

भोगावतीकाठ (धागाकर्ता)

तिसरे_सत्र मॅडम आणि संमतीपत्र साहेब, मनापासून आभार. बंधूंना दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. वेळापत्रकाचा मुद्दा त्यांना पटला. उद्यमनगर साहेबांचा पहिला प्रतिसाद त्यांना अधिक पटला, हेही नमूद करतो. बाहेर शिकलेल्या कोणी आपला अनुभव लिहिला तर तुलना करता येईल.

वरुणतीर्थ

मी मूळची कोल्हापूरची, शिक्षण बाहेर झाले आणि सध्या पुण्यात एका सल्लागार संस्थेत आहे.

बाहेरचे पर्याय एका माळेत ओवण्यासारखे नाहीत. दिल्लीच्या टेरी स्कूल ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीज या अभिमत विद्यापीठात धोरण आणि संसाधन-अर्थशास्त्र चांगले मिळते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समाजाची बाजू भक्कम होते, म्हणजे धरण कोणाच्या जमिनीवर झाले आणि लाभ कोणाला मिळाला, हे प्रश्न तिथे टाळले जात नाहीत. भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था १९८२ पासून आहे, तिथे व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते आणि जंगल केंद्रस्थानी असते. आयआयटी मुंबईचे 'सितारा' हे केंद्र ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचे आहे. तिथले विद्यार्थी गावात राहून नळपाणी योजनेचा हिशेब मांडतात, पण अभियांत्रिकीची पार्श्वभूमी असलेल्यांना ते अधिक सोपे जाते. पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था आहे. धाग्यात वर ज्या सामाईक अभ्यासक्रमाचा उल्लेख आला, त्याचे पाठ्यपुस्तक त्याच संस्थेच्या डॉ. इराक भरुचा यांनी तयार केले होते.

नोकऱ्यांविषयी. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला, तेव्हापासून पुण्या-मुंबईत या क्षेत्रात भरती वाढली. पगार बरे आहेत. परंतु कामाचे स्वरूप भावी विद्यार्थ्यांना आधी माहीत असावे. दिवसभर तक्ते भरायचे असतात, आणि तक्त्यातला पाण्याचा आकडा कोणत्या मीटरवरून आला, मीटर चालू होता का, हे विचारणारा माणूस पुष्कळ ठिकाणी नको असतो. ज्याने कधी स्वतः नमुना घेतलेला नाही, त्याला हा प्रश्न सुचतही नाही. माझ्या चमूतील ज्या सहकाऱ्यांचे पदवीचे शिक्षण लहान गावात, प्रयोगशाळेत हात काळे करून झाले, त्यांचे अहवाल मला डोळे झाकून पुढे पाठवता येतात.

दुसरा मार्ग पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पूर्वपरवानगीसाठी हा अहवाल लागतो आणि तो नॅबेट या राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यता असलेल्या सल्लागार संस्थेकडूनच करून घ्यावा लागतो. त्यात हवा, पाणी, परिसंस्था, भूजल, समाज अशी एकेका विषयाची मान्यताप्राप्त तज्ज्ञ मंडळी असतात. रसायनशास्त्राची पदवी आणि पर्यावरणाची पदव्युत्तर पदवी हा संयोग पाणी व हवेसाठी चांगला चालतो. बंधूंना हे अवश्य सांगावे.

क्षारपड

मी शिरोळ तालुक्यातील शेतकरी आहे. शाश्वत विकास शिकवायला कोणी दिल्लीला जाऊ नये असे मी म्हणत नाही, परंतु त्याचा एक संपूर्ण धडा आमच्या शिवारात पडून आहे आणि तो वाचायला फार कमी विद्यार्थी येतात.

नदीवर उपसा योजना झाल्या, ऊस आला, पैसा आला. पाटाने पाणी देताना मोजण्याची सवय कोणाला नव्हती. काळ्या, निचरा न होणाऱ्या जमिनीत पाण्याची पातळी वर आली, तिच्याबरोबर क्षार वर आले आणि उन्हाळ्यात रानावर पांढरा थर दिसू लागला. ज्या रानात एकरी साठ-सत्तर टन ऊस निघे तिथे पुढे गवतही धड उगवेना. त्यावर उपाय आहे. जमिनीखाली चार-पाच फुटांवर उतार देऊन सच्छिद्र पाइप टाकतात, त्यांतून झिरपलेले पाणी मुख्य नळीत आणि तिथून ओढ्यात जाते. पावसाने आणि दिलेल्या पाण्याने क्षार धुऊन निघतात, आणि काही हंगामांत रान पुन्हा पिकाखाली येते. आमच्याकडे हे झालेले आहे, डोळ्यांनी पाहता येते.

पण यात शिकण्यासारखे पाइपाच्या पुढे आहे. मुख्य नळी वीस-पंचवीस जणांच्या रानाखालून जाते. वरचा तयार, खालचा तयार, मधला म्हणतो माझे रान चांगले आहे, मी का खणू देऊ. खर्च कोणी किती उचलायचा, पाइप तुंबला तर दुरुस्ती कोणाकडे, कर्ज कोणाच्या नावावर, यावर बैठका होतात आणि मोडतात. आणि शेवटचा प्रश्न, जो आम्हीही सोयीने विसरतो, तो असा की आमच्या रानातून धुतलेले क्षार ओढ्याने नदीत जातात, तेव्हा खालच्या गावाने काय करायचे? हे सगळे एका प्रबंधिकेत मांडता येईल की नाही, ते तिसरे_सत्र मॅडमनी सांगावे.

तिसरे_सत्र

एका नव्हे, चार प्रबंधिकांचे काम आहे. आणि चौघांपैकी एक विद्यार्थी सहकार किंवा अर्थशास्त्राचा असावा असे मी म्हणेन.

धरणसाठा

विषय शिरोळचा निघालाच आहे म्हणून लिहितो. महापुराला कर्नाटकातले अलमट्टी धरण जबाबदार आहे हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. विद्यापीठाने आधी ते सिद्ध करून दाखवावे, मग शाश्वत विकासावर बोलावे.

तिसरे_सत्र

शाळेतल्या पोराला जे माहीत आहे तेच सिद्ध करण्याची जबाबदारी विद्यापीठावर टाकली, तर ते विद्यापीठ उरत नाही. अलमट्टीची साठवण पातळी ५१९.६० मीटर आहे आणि ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा कर्नाटकाचा प्रस्ताव आहे. त्या वाढीव साठ्याचा फुगवटा नदीत मागे कुठवर येईल, हा गणिताचा आणि नदीच्या तळाच्या छेदांचा प्रश्न आहे, आणि त्याला महाराष्ट्राने आक्षेप घेणे स्वाभाविक आहे. परंतु विद्यार्थ्याला मी दुसरीकडूनही सुरुवात करायला सांगेन. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे, आणि २०१९ व २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. वरच्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरले की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात आणि प्रत्येकातून १४२८ क्युसेक पाणी जाते. पाणलोटातला ताशी पाऊस, हा विसर्ग आणि बंधाऱ्यावरची पातळी एका आलेखावर मांडली, तर कोणते पाणी कधी आले याचा अंदाज येतो. त्यानंतर निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, शहरातील किती बांधकामे कोणत्या साली आली, ते नकाशावर दाखवावे. तो नकाशा पाहायला फारसे कोणी उत्सुक नसते.

धागाकर्त्यांना आता माझे मत स्पष्टपणे देते. मुलीने इथेच शिकावे, आणि पंचगंगेवर काम करावे.

कारण असे. शहराचे सांडपाणी आणणारा जयंती नाला नदीला मिळतो तिथून नमुना घ्यायचा असेल, तर विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याच्या विंकलर पद्धतीत ३०० मिलीच्या बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड अझाइड जागेवरच घालावे लागते. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका तयार होतो. उन्हाळ्यात नाल्याच्या पाण्यात तो पांढरा पडतो, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन उरलेलाच नाही. विद्यार्थी पहिल्यांदा ते पाहतात तेव्हा रसायन संपले किंवा आपले प्रमाण चुकले असे त्यांना वाटते. मग त्यांना वरच्या बाजूला, भोगावतीच्या काठी, तीच कृती करायला लावायची आणि तिथला गडद तपकिरी साका दाखवायचा. पुढे थायोसल्फेटने अनुमापन करून आकडा मिळतो तो मिळतोच, पण दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की कसबा बावड्याच्या ७६ एमएलडी (दररोज दशलक्ष लिटर) क्षमतेच्या सांडपाणी केंद्रापर्यंत सगळे सांडपाणी पोहोचते का, हा प्रश्न विद्यार्थी स्वतःहून विचारतात. तिथून मग महानगरपालिकेचे अंदाजपत्रक, पंपाचे वीजबिल, पावसाळ्यात ओसंडणारे नाले, असा व्यवस्थापनाचा सगळा अभ्यासक्रम उलगडत जातो.

त्यात आपल्या नदीचे एक वैशिष्ट्य आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पावसाळ्यानंतर बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले की वाहती नदी साठलेल्या डोहांची माळ होते. शेतीला पाणी मिळते, आणि शहरांचे सांडपाणीही त्याच डोहात साठते. उन्हाळ्यात बरगे काढले किंवा पाणी सोडले की ते काळे पाणी पुढच्या बंधाऱ्यावर जाते. तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत. म्हणजे एका खात्याने सिंचनासाठी घेतलेला निर्णय दुसऱ्या खात्याच्या प्रदूषणाच्या आकड्यात उमटतो. बाहेरच्या विद्यापीठात हे 'प्रकरण-अध्ययन' म्हणून दोन पानांत येईल. इथे ते बसने जाऊन पाहता येते.

आता तक्रार. जिल्ह्यातील महाविद्यालयांत आणि विभागांत पंचगंगेवर आजवर किती प्रबंधिका झाल्या असतील याची कल्पना करा. प्रत्येक विद्यार्थी नव्या ठिकाणी, नव्या महिन्यात, स्वतःच्या सोयीने नमुने घेतो, 'नदी प्रदूषित आहे' असा निष्कर्ष काढतो आणि काळ्या कापडात बांधलेली प्रत कपाटात जाते. ठिकाणे ठरलेली नसल्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही. एवढी वर्षे दहाच ठिकाणे, तेच महिने आणि तीच पद्धत धरली असती, तर आज विद्यार्थ्यांच्या हातची या नदीची सलग नोंद आपल्याकडे असती. त्यासाठी निधी लागत नाही. मार्गदर्शकांनी आपापसांत एकदा बसून ठरवावे लागते, आणि आमच्याकडे नेमके तेच होत नाही.

संमतीपत्र

मॅडम, सलग नोंदीच्या कल्पनेशी सहमत, पण एक सावधगिरी. विद्यार्थ्याचा आकडा कायद्यापुढे टिकत नाही. जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना घेताना उद्योगाला तिथल्या तिथे सूचना द्यावी लागते, त्याचा माणूस हजर असेल तर नमुन्याचे दोन भाग करून ते मोहोरबंद करावे लागतात आणि त्यावर दोघांच्या सह्या होतात. ही रीत पाळली नाही तर अहवाल पुरावा म्हणून चालत नाही. बीओडीचा नमुना बर्फाच्या पेटीत आणून २४ तासांच्या आत लावला का, २७ अंशांवर तीन दिवस ठेवला का, हेही पुढचा वकील विचारतो. उद्या एखाद्या विद्यार्थ्याचा तक्ता घेऊन कोणी आंदोलन केले आणि तो तक्ता तांत्रिक कारणाने पडला, तर पुढच्या खऱ्या तक्रारीकडेही दुर्लक्ष होते. मी हे उद्योगाच्या बाजूने लिहितो आहे असे वाटेल, पण हा धोका खरा आहे.

तिसरे_सत्र

धोका मान्य. मात्र मी नोंद मागते आहे ती खटल्यासाठी नाही. कोणत्या महिन्यात, कोणत्या बंधाऱ्यावर मंडळाने कायदेशीर नमुना घ्यायला जावे, हे तरी त्या नोंदीवरून सांगता येईल. आणि कलम २१ ची ही रीत तुम्ही एका परिच्छेदात जितकी स्पष्ट लिहिलीत, तितकी ती वर्गात शिकवली जात नाही. नमुना घेणे आणि कायदा हे दोन वेगळ्या सत्रांत, दोन वेगळे शिक्षक शिकवतात.

क्षारपड

नमुने घ्यायला शिरोळपर्यंत येणार असाल तर ओढ्याचे पाणीही घ्या. दोन जागा मी दाखवतो.

भोगावतीकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे प्रतिसाद मुलीने स्वतः वाचले. तिने शिवाजी विद्यापीठात अर्ज करायचे ठरवले आहे. बंधूंची संमती मिळाली. वरुणतीर्थ ताईंनी लिहिलेला रसायनशास्त्र आणि पर्यावरण यांचा संयोग त्यांना विशेष भावला. मुलीने दोन गोष्टी विचारायला सांगितल्या आहेत. प्रवेशाआधीच्या सुट्टीत काय वाचावे किंवा करावे, आणि पहिल्या वर्षातच एखाद्या कारखान्यात काम पाहायला मिळेल का?

तिसरे_सत्र

वाचण्यापेक्षा तिने संख्याशास्त्राची उजळणी करावी. सरासरी, प्रमाण विचलन आणि सहसंबंध हे हाताने सोडवता आले पाहिजे. मुक्त स्वरूपात मिळणारे क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर संगणकावर घेऊन आपल्या गावाचा नकाशा करावा, त्यात नदी, ओढे, विहिरी आणि २०१९ ला पाणी कुठवर आले होते ती रेषा दाखवावी. ती रेषा गावातल्या लोकांना विचारूनच काढता येईल, त्यामुळे मुलाखती कशा घ्याव्यात तेही थोडे कळेल. पुढे प्रबंधिकेला हाच नकाशा कामी येईल.

वरुणतीर्थ

एखाद्या प्रकल्पाच्या आघात अहवालाचा मराठी सारांश मिळवून वाचावा. जनसुनावणीपूर्वी तो लोकांसाठी उपलब्ध करावाच लागतो आणि सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. जिल्ह्याच्या पश्चिमेकडे बॉक्साइटच्या खाणी असल्यामुळे अशा सुनावण्या आपल्याला नव्या नाहीत. शक्य झाल्यास एका सुनावणीला मागच्या रांगेत बसून लोक काय विचारतात आणि उत्तर कोण देते, ते लिहून काढावे.

संमतीपत्र

संमतीपत्रे मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. आपल्या गावाच्या वरच्या बाजूच्या कोणत्याही एका उद्योगाचे काढून अटींची यादी करावी. कारखान्यात काम पाहायचे असेल तर हंगामाच्या आधी, ऑक्टोबरच्या सुमारास यावे, म्हणजे टाकी सुरू करण्यापासूनचे सगळे दिसेल. हंगाम भरात आला की समजावून सांगायला कोणाला वेळ नसतो. येताना विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र आणावे, कारण शिकाऊ विद्यार्थ्यांना आवारात सोडताना वॉचमनला तेच दाखवावे लागते. ईटीपीच्या बाजूला सगळीकडे ओल असते, तेव्हा चपलांऐवजी बूट घालून यावे.